सांगलीच्या गावभागातील विटांची जुनी बँक-इमारत १९१६ सालची आहे का?

गावभागातील उघड्या लाल विटांच्या, दगडी जोत्याच्या एका दुमजली इमारतीवर ‘दि सांगली बँक लिमिटेड, स्थापना १९१६’ अशी पुसट अक्षरे आपल्याला दिसली आणि त्यावरून ती इमारत शंभरी ओलांडलेली मानावी का, असे आपण विचारले आहे. पाटीवरचे साल बँकेचे आहे. इमारत त्याहून जुनी असू शकते किंवा बरीच नवीही. माझ्या वडिलांचे खाते याच बँकेत होते आणि आमच्या घरीही वर्षानुवर्षे हाच घोटाळा चालत आला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सांगली बँक ५ ऑक्टोबर १९१६ रोजी, पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी असलेल्या सांगलीत स्थापन झाली आणि एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. विलीनीकरणानंतर शाखांवरील पाट्या बदलल्या गेल्या. आपण पाहिलेली अक्षरे अजून टिकून असतील, तर तेथील शाखा त्याआधीच दुसरीकडे हलली असावी, असे मला वाटते.

पाटीवर किंवा जुन्या कागदांवर पत्ता असेल तर तो नीट वाचावा. ‘सांगली संस्थान’ असा उल्लेख १९४८ च्या विलीनीकरणापूर्वीचा असतो. ‘जि. दक्षिण सातारा’ असे लिहिलेले असल्यास काळ १९४९ ते १९६० च्या दरम्यान येतो, कारण त्या वर्षांत आजच्या सांगली जिल्ह्याचे नाव तेच होते. सहा आकडी पिनकोड १९७२ नंतरचा. घरात एखादे जुने पासबुक सापडले आणि त्यात आणे-पै असतील, तर त्या नोंदी १९५७ पूर्वीच्या समजाव्यात.

इमारत मुळात बँकेसाठीच बांधली होती का, हे मात्र कागदांपेक्षा तिजोरीच्या खोलीवरून अधिक लवकर कळते. त्या खोलीच्या जाड भिंतीच्या विटा मुख्य भिंतीच्या विटांत दातांसारख्या एकाआड एक गुंतवलेल्या असतील, तर दोन्ही भिंती एकाच वेळी उठलेल्या आहेत. तेथे वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसला, तर खोली मागाहून जोडलेली आहे आणि मूळ वास्तू एखादी पेढी, दुकान किंवा राहते घर असण्याची शक्यता मोठी. त्याचबरोबर विटांच्या सांध्यांत भरलेला मालही पाहावा, म्हणजे तो चुन्याचा आहे की सिमेंटचा, कारण दुरुस्तीच्या वेळी वरून सिमेंट भरलेले असले तरी आतला चुना खरवडल्यावर दिसतो. छताला लोखंडी तुळया असतील तर त्यांच्या अंगावर उठवलेली कारखान्याची अक्षरे शोधावीत. ‘टाटा’ असे असल्यास ती तुळई १९१२ पूर्वीची नाही, कारण जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद त्या वर्षी प्रथम निघाले.

विटांना लागलेला लोणा, म्हणजे ओलीमुळे वर आलेला खार, आणि त्यांचे सुटलेले पापुद्रे पाहून वय ठरवू नये. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ च्या पुरात पाणी तेथे ५७ फुटांवर गेले होते. पुराच्या पाण्यात मुरलेली चाळीस वर्षांची भिंतसुद्धा दीडशे वर्षांची दिसू लागते.

आता कागद. नगर भूमापन कार्यालयातून त्या इमारतीच्या सिटी सर्व्हे नंबरचे मालमत्ता पत्रक काढावे. त्यावर धारकाचे नाव आणि फेरफार मिळतात, परंतु बँक भाडेकरू असेल तर तिचे नाव तेथे सापडण्याची शक्यता कमी, आणि नेमके येथेच बहुतेकांचा शोध थांबतो. त्यापुढे महापालिकेकडे जुन्या नगरपालिकेची घरपट्टीची आकारणी पुस्तके मागावीत, कारण त्यांत मालक आणि भोगवटादार यांची नावे वेगवेगळ्या रकान्यांत असतात, आणि भोगवटादार म्हणून बँक ज्या वर्षी प्रथम येते, तेच शाखा तेथे आल्याचे साधारण वर्ष. भाडेपट्टा नोंदवलेला असल्यास दुय्यम निबंधकांकडील सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत, तो मिळावा. अर्जात सिटी सर्व्हे नंबर अवश्य लिहावा. मी केवळ पेठ आणि मालकाचे नाव लिहून अर्ज दिला होता, तेव्हा दोन हेलपाटे वाया गेले.