वाइनच्या द्राक्षांना ‘माल कसाही चालतो’, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

तुमचा प्रश्न असा: निफाडजवळ वडिलांची तीन एकर जमीन आहे, वाइनच्या द्राक्षांना मेहनत कमी लागते आणि माल कसाही चालतो असं ऐकलंय, तर लावावीत का? आणि त्यात नवीन काय आलंय?

मेहनतीचं आणि नव्याचं पुढे बघू. ‘माल कसाही चालतो’ हे वाक्य मी आमच्याच घरात इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

काही कामं वाचतात, हे खरं. जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) डिपिंगा नाहीत, कात्रीने मणी विरळायचे नाहीत, गर्डलिंग (खोडाची साल गोल कापणं) नाही, घडांना कागद बांधायचा नाही. मणी अठरा एमएमचा झाला नाही म्हणून व्यापारी तोंड वाकडं करत नाही. उलट वाइनला मणी बारीकच लागतो, कारण रंग आणि टॅनिन (तुरटपणा) सालीत असतं आणि बारीक मण्यात रसाच्या मानाने साल जास्त. एवढ्यावरून लोकांनी ‘कसाही चालतो’ असं ठरवून टाकलंय. खाण्याचा माल डोळ्यांनी पास होतो, साखर सतरा-अठरावर आली की गाडी भरते. वायनरीवाला २२ ते २४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) मागतो, वर आम्लता आणि पीएच तपासतो, सडका घड दिसला की क्रेट बाजूला. तोडणीच्या तोंडावर भुरीसाठी (हा बुरशीचा रोग) गंधक मारलं असेल तर रस आंबवताना टाकीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो. मग कुणाच्या प्लॉटचा माल होता, याची चौकशी सुरू होते.

खरी अडचण हवामानाची आहे. फ्रान्समध्ये झाड थंडीत झोपतं, वसंतात फुटतं आणि माल सप्टेंबर-ऑक्टोबरात, गारवा वाढत असताना पिकतो. आपलं झाड झोपतच नाही. म्हणून आपण एप्रिलात खरड छाटणी घेऊन काडी तयार करतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी घेऊन डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्टिंग (औषधाचा लेप) करतो, आणि आपला माल जानेवारीअखेर ते मार्च, म्हणजे ऊन चढत असताना पिकतो. सगळा प्रवासच उलटा. साखर भराभर चढते, मॅलिक आम्ल उष्णतेने संपत जातं, पीएच वर सरकतो आणि वाइन मिळमिळीत होते. छाटणी लवकर घेतली तर फुलोऱ्यात परतीचा पाऊस आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग. उशिरा घेतली तर मार्चची झळ. या दोन्हींच्या मधे जे थोडे दिवस उरतात त्यात सगळं बसवावं लागतं, आणि २०१९ च्या ऑक्टोबरात पाऊस हटायचं नाव घेईना तेव्हा तेही उरले नव्हते.

आता आमचं. आमची शिराझ (वाइनची काळी जात) दिंडोरी तालुक्यात, मुरमाड उतारावर. जमीन एकत्र आणि निर्णय चुलत्यांचे, म्हणजे अण्णांचे. अण्णा म्हणजे थॉमसनमधले (खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षांतले) जुने बागायतदार. मांडवाखाली उभं राहिल्यावर घडांतून आभाळ दिसलं तर त्यांना बाग रिकामी वाटायची. एकरी दहा-बारा टनांच्या खाली गेलं की झोप उडायची. आणि मी पहिल्याच चांगल्या हंगामात, मण्यांत पाणी उतरायच्या (मणी मऊ पडून साखर भरायला लागायच्या) आधी, काडीवरचा एक घड ठेवून दुसरा कापून खाली टाकायला सुरुवात केली. माल एकरी चार-पाच टनांवर आणायचा होता.

अण्णा बांधावर आले. आधी त्यांना वाटलं रोग आलाय. नाही म्हटल्यावर म्हणाले, “कर्ज सोसायटीचं, पाणी विहिरीचं, आणि माल मातीला? शाब्बास.” मग गड्याला पाट्या आणायला लावल्या, पाडलेले हिरवे घड गोळा केले, काट्यावर तोलले आणि आकडा पंपघराच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला. पाहुणे आले की त्यांना भिंत दाखवायला नेत. (पाट्यांचं वजन वजा केलेलं नव्हतं, हे मी आजही सांगतो.)

साखर २४ वर गेली. माल पहाटे तोडून गारच्या गार वायनरीवर पोचवला. शेजारच्या शेतकऱ्याकडे माझ्या दुप्पट माल होता. त्याने तो आणखी पंधरवडाभर झाडावर ठेवला आणि कसाबसा २२ ला टेकवला. भाव दोघांना एकच! करारात ‘२२ च्या वर’ एवढंच लिहिलं होतं. तिथला वाइनमेकर माझ्या मालाचा रस ग्लासात फिरवून ‘सुंदर, सुंदर’ करत होता आणि पावती मात्र किलोवर फाटली. त्या रात्री जेवताना अण्णा एक शब्द बोलले नाहीत, फक्त भात दुसऱ्यांदा वाढून घेतला.

पुढच्या हंगामात जानेवारीत ढग बसले. माझा माल रखडला, पण पिकला. शेजाऱ्याची साखर १९ वर अडली ती अडलीच. तो थांबत गेला, घड आतून सडायला लागले आणि बराचसा माल वायनरीच्या दारातून परत आला. अण्णांच्या मते ते त्याचं नशीब. नशीब कसलं? एक ग्रॅम फळ नीट पिकवायला साधारण ८ ते १२ चौरस सेंटिमीटर पान लागतं. पान तेवढंच आणि फळ दुप्पट असेल, तर ऊन आहे तोवर उशिरा का होईना भागतं, ढग आले की भागत नाही. शिवाय झाडाने साठवलेलं सगळं त्या फळात जातं आणि एप्रिलच्या छाटणीनंतर फूट रोडावते. हे मी अण्णांना तेव्हापासून सांगतोय आणि ते तेव्हापासून भिंतीकडे बोट दाखवताहेत. पण करार ओळ न् ओळ वाचायचा, हे त्यांच्यामुळेच शिकलो. पुढच्या करारात मी साखरेच्या टप्प्यांप्रमाणे भाव आणि घड कमी करण्याचा एकरी मोबदला असं दोन्ही मागितलं. टप्पे मिळाले, मोबदल्याला वायनरीवाले हसले.

मग २००८-०९ आलं. राज्याच्या २००१ च्या धोरणानंतर वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या होत्या. विंचूरचा वाइन पार्क तर तुमच्याच तालुक्यात. जगभर मंदी आली, त्यात नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला. हॉटेलांचा खप पडला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि नवा माल कुणी उचलेना. आमच्या वायनरीवाल्यांचा फोनच लागेना. थॉमसन पडला तर बेदाणा होतो, लोकल बाजारात ओतता येतो. बियांची, जाड सालीची, बोराएवढीही नसलेली शिराझ बाजार समितीत कोण घेणार? अण्णांनी त्यांच्या वाट्याची जेसीबी लावून काढली. आमच्या भागात अनेकांनी काढली. मी ठेवली, त्यात निष्ठा वगैरे काही नाही, त्या मुरमावर दुसरं काय लावायचं ते सुचत नव्हतं. २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाइन विकू द्यायच्या निर्णयावरून दणदणीत भांडण झालं. दोन्ही बाजू शेतकऱ्याच्या भल्याचं बोलत होत्या. त्यातल्या एकानेही ‘करारात काय लिहिता?’ हे विचारलं नाही.

नवीन काय, तर चकचकीत काही नाही, पण उपयोगाचं आहे. मांडवाऐवजी ओळी उत्तर-दक्षिण आणि फुटी तारांवर सरळ वर चढवायच्या. घडांजवळची पानं फक्त पूर्वेकडची काढायची, पश्चिमेची ठेवायची, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं भाजत नाही. खुंटाला (ज्या मुळावर कलम बांधतो त्याला) डॉगरिज डोळे झाकून घेऊ नका. क्षारपड पाण्यात आणि टंचाईत तो तगतो, पण फूट इतकी जोरात काढतो की झाड पानंच पोसत बसतं. वाइनसाठी ११० आर किंवा ११०३ पी हे खुंट बघा, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात यावर काम झालंय, तिथे जाऊन विचारा. पाणी उतरल्यावर ठिबक हळूहळू कमी करायची. तोडणी रात्री किंवा पहाटे. पान किती तास ओलं राहिलं ते मोजणारी हवामान यंत्रं आलीत, त्यांनी डाऊनीच्या फवारण्या वाचतात, आणि तीन एकरांसाठी परवडत नसेल तर चारजणांत मिळून घ्या. प्लास्टिक आच्छादनाचं विचाराल: पाऊस-गारपिटीला चांगलं, नोव्हेंबर २०२३ ची निफाडची गारपीट तुम्हालाही माहीत असेल. पण त्याखाली डाऊनी घटते आणि भुरी वाढते, आणि एकरी पाच टन मालावर तो खर्च निघेल असं मला वाटत नाही.

जातींत शिराझ आणि शेनिन ब्लांक आपल्याकडे रुळल्यात. शेनिनचा घड गच्च असतो, पाऊस झाला की आतून सडतो, तेवढं सांभाळा. पिनो न्वारच्या नादी लागू नका, कुणी कितीही गोड बोललं तरी.

लावायचीच असतील तर रोप आणायच्या आधी करार आणा. त्यात साखरेचे टप्पे, पीएचची मर्यादा, नमुना कोण काढणार आणि तुमच्यासमोर काढणार का, तोडणीची तारीख वायनरीने पुढे ढकलली तर वजनातली घट कुणाची, आणि माल उचललाच नाही तर काय, हे लिहून घ्या. हे लिहून द्यायला जो तयार नाही त्याच्यासाठी घड पाडू नका. तिथे अण्णांचंच बरोबर, वजन काढा आणि मोकळे व्हा.

एक राहिलंच. वरचं सगळं मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीचं आहे. निफाडकडची काळी, भारी माती असेल तर झाड फुटीवर जातं आणि पाणी तोडून ताण देणंही जमत नाही. तीन-चार ठिकाणी चार फुटांपर्यंत खड्डे घेऊन बघा. खालपर्यंत काळीच निघाली तर वाइनचा विचार सोडा, खाण्याची द्राक्षं करा किंवा टोमॅटो.