घरात परका माणूस आणला तर अप्पांना काय वाटेल?

समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या बायका सुरुवातीला वेगवेगळ्या तक्रारी सांगतात. कुणाची झोप उडालेली असते, कुणाला धडधड होते, कुणी लहानसहान गोष्टीवरून घरात भडकते. दोन-तीन भेटींनंतर मूळ गोष्ट बाहेर येते. घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, सासू किंवा आई असते आणि त्यांचं सगळं करणारी ही एकटीच असते. मदतीला माणूस ठेवायचा विषय निघाला की ठरलेला प्रश्न येतो, "बाहेरचं कुणी आणलं तर त्यांना काय वाटेल? आणि लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न इतक्या वेळा कानावर पडला आहे, की एका घराची गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते. नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

सुनंदाताई सांगलीजवळच्या एका गावातल्या. छातीत धडधडतं म्हणून मिरजेत सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. शेवटी डॉक्टरांनीच माझ्याकडे पाठवलं. सासरे, अप्पा, ७८ वर्षांचे. एसटीत मेकॅनिक होते. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. 'हो', 'नको' आणि अधूनमधून एखादा सुटा शब्द, एवढंच उरलं.

"तुमचा दिवस किती वाजता सुरू होतो?" मी विचारलं.

"संपला तर सुरू होणार ना, मॅडम! रात्री दोनदा उठून कूस बदलते. तीन वर्षांत अप्पांच्या पाठीवर एक जखम नाही."

हे सांगताना त्या पहिल्यांदाच ताठ बसल्या. बेडसोअर होऊ न देणं किती कठीण असतं, हे ज्यांनी केलं आहे त्यांनाच कळेल. सुनंदाताईंचं काम मनापासूनचं होतं. म्हणूनच त्यांना स्वतःच्या रागाची इतकी भीती वाटत होती.

"कधीकधी आंघोळ घालताना इतका राग येतो, की हात जोरात चालतो. मग मी रडते."

"मदतीला कुणी?"

"ब्युरोतून माणूस मिळतो. पण हे म्हणतात, अप्पांना वाटेल आपण ओझं झालो. वन्सं म्हणाल्या, घरात सून असताना परका माणूस कशाला?"

"आणि अप्पा काय म्हणाले?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "त्यांना कुठे बोलता येतं?"

मी कुटुंबाकडे एकत्र बघणारी समुपदेशक आहे. एका माणसाची झोप उडते तेव्हा घरातल्या कामांची आणि न बोललेल्या गोष्टींची वाटणी कुठेतरी बिघडलेली असते, असं मी मानते. म्हणून पुढची बैठक अप्पांच्या खाटेजवळच घ्यायची, असा आग्रह धरला. सुनंदाताईंचे पती महेशराव घरी थांबले, नणंद इचलकरंजीहून आली, पुण्याचे धाकटे दीर फोनच्या पडद्यावर होते. पहिली वीसेक मिनिटं सगळे अप्पांविषयी बोलत होते, अप्पांच्या डोक्यावरून.

बोलणं गेलं म्हणजे समजणं गेलं, असं घरचे फार लवकर धरून चालतात. झटक्यानंतर अनेकांना समोरच्याचं बोलणं बरंचसं कळतं, फक्त उत्तराचा शब्द तोंडापर्यंत येत नाही. अप्पांच्या नजरेवरून मला याचा अंदाज आला होता. मी तीन कागदांवर साधी चित्रं काढून नेली होती: आंघोळ घालणारी बाई, आंघोळ घालणारा घरचा मुलगा आणि पांढऱ्या शर्टातला बाहेरचा माणूस. सुनंदाताईंना मुद्दामच चहा ठेवायला आत पाठवलं आणि कागद अप्पांच्या डाव्या हाताशी मांडले.

"अप्पा, घाई नाही. आंघोळ कुणी घातलेली तुम्हाला बरी वाटेल?"

खूप वेळ गेला. नणंद काही बोलू पाहत होती, तिला मी हातानेच थांबवलं. अप्पांचं बोट पहिल्या कागदावर गेलं, तिथून सरकलं, मुलाच्या चित्रावर थांबलं, मग पुढे जाऊन पांढऱ्या शर्टावर टेकलं.

"अप्पा, परका माणूस चालेल तुम्हाला?" महेशरावांचा आवाज चढला होता.

अप्पांनी डाव्या हाताने स्वयंपाकघराकडे खूण केली, मग तोच हात स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. आणि एक शब्द म्हणाले.

"लाज."

दारात चहाचा ट्रे घेऊन सुनंदाताई उभ्या होत्या. "म्हणून आंघोळीच्या वेळी डोळे मिटून घेता होय, अप्पा? मला वाटायचं गरम पाण्याने बरं वाटतं." अप्पांनी मान डोलावली.

ज्या माणसाने सुनेसमोर कधी उघड्या अंगाने बसणंही टाळलं असेल, त्याला रोज सकाळी तिच्याच हातून धुवून घ्यावं लागत होतं. ती त्याच्यासाठी झिजत होती, तो तिच्यासमोर संकोचाने आक्रसत होता, आणि दोघांनाही एकमेकांना दुखवायचं नव्हतं म्हणून तीन वर्षं कुणी काही बोललं नाही. 'त्यांना काय वाटेल' या प्रश्नाचं उत्तर घरातल्या प्रत्येकाने अप्पांच्या वतीने दिलं होतं. माझ्या आजवरच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटलेली समज हीच आहे: सेवा कोण करतं यावर आपण कर्तव्यनिष्ठा मोजतो आणि ज्याची सेवा चालली आहे त्याची अब्रू विसरतो.

त्यानंतर मी कायद्याचा विषय काढला, कारण नणंदेचं "सून असताना" अजून हवेत होतं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा अनेकांना ऐकून माहीत असतो. त्यातल्या 'अपत्य' या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून येत नाही. मी हे सांगितलं तेव्हा दीर पडद्यावर गप्प झाले. नणंद थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे मी येते यात." कुणाला कोर्टात खेचण्यासाठी हे सांगितलं नव्हतं. ज्या जबाबदारीत कायद्याने तिघा भावंडांची नावं घेतली आहेत, ती प्रत्यक्षात चौथ्याच व्यक्तीच्या अंगावर होती, एवढं सगळ्यांना दिसायला हवं होतं.

वाटणी झाली. पूर्वी रुग्णालयात वॉर्डबॉय असलेले एक गृहस्थ सकाळी तासभर येऊ लागले: आंघोळ, दाढी, कपडे आणि खाटेवरून खुर्चीत बसवणं. बारा तासांचा माणूस परवडणार नव्हता, आणि खरी गरज त्या एका तासाचीच होती. त्यांचे पैसे दीर देतात. रात्रीची कूस महेशराव बदलतात. नणंद महिन्यातून काही दिवस येऊन राहते, तेव्हा सुनंदाताई माहेरी जातात. धडधड पुरती गेलेली नाही, पण राग आला की आता त्या घाबरत नाहीत.

सरकारकडून काय मिळतं, हा पुढचा प्रश्न असतोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण अप्पांसारख्या मध्यमवर्गीय घरापर्यंत तो आलेला मी पाहिलेला नाही. गरजू ज्येष्ठांना दरमहा मदत देणाऱ्या श्रावणबाळ योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये आहे. हे घर त्यात बसत नाही. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, तेही उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी कूस बदलणाऱ्या हातांसाठी त्यात काही नाही. केरळमध्ये अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्यासाठी 'आश्वासकिरणम्' योजना आहे. महिना ६०० रुपये ही रक्कम थोडी आहे, पण सांभाळणाऱ्या व्यक्तीला सरकारने ओळखलं तरी आहे. जपानने २००० साली दीर्घकालीन काळजीचा विमा आणला. चाळिशीपासून सगळे हप्ता भरतात आणि गरज पडली की घरी मदतनीस किंवा दिवसभराचं केंद्र मिळतं. रोख रक्कम द्यायची नाही, सेवाच द्यायची, असं तिथे ठरलं. पैसे हातात दिले तर काम पुन्हा सुनेच्याच गळ्यात पडेल, असं तिथल्या महिला संघटनांनी ठामपणे मांडलं होतं. सुनंदाताईंकडे बघताना मला ते पटतं. आपल्याकडे ज्येष्ठांच्या धोरणाची चर्चा पेन्शन आणि वृद्धाश्रमापाशी थांबते; घरातली सेवा हे काम आहे आणि त्या कामाला बदली माणूस लागतो, हे त्यात यायला हवं.

तोवर जे हाती आहे ते सोडू नका. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून घ्या. "मी काय अपंग आहे का?" असं म्हणून कित्येक ज्येष्ठ ते टाळतात. त्यांना सांगा, यात कमीपणा काही नाही, हक्काचा कागद आहे. जुन्या करप्रणालीत, आई-वडील अवलंबून असतील आणि दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर मुलाला किंवा मुलीला करपात्र उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट मिळते, ८० टक्क्यांपासून पुढे १,२५,००० रुपयांची. अप्पांच्या घरी सकाळच्या माणसाच्या खर्चाला याचा थोडा टेकू लागला. कुणी एकटं पडलं असेल किंवा घरात छळ होत असेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

आणि माणूस ठेवण्याआधी, आश्रमाची चौकशी करण्याआधी, ज्यांच्यासाठी हे चाललं आहे त्यांना विचारा. बोलता येत नसेल तर चित्रं काढा किंवा हो-नाही असं उत्तर देता येईल असे प्रश्न करा, एका वेळी एकच. उत्तराला वेळ द्या, मध्ये शब्द पुरवू नका. आणि रोज सेवा करणाऱ्या व्यक्तीला तेवढा वेळ खोलीबाहेर थांबू द्या, कारण तिच्यासमोर खरं सांगणं त्यांना सर्वांत अवघड जातं.