ज्युरीचे ६९५ डॉलर आणि पॉलिसीचे २१,६००

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३८, घरात कमावणाऱ्या एकट्याच, मुलगी नऊ वर्षांची. गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आणि आता ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळात बसायचं, पहिलं समन्स आलंय. काम कंत्राटी, दिवसाला साधारण ३०० डॉलर. काम नाही तर पैसेही नाहीत. मैत्रीण ज्युरीवर होती तो खटला चार आठवडे चालला. त्या विचारतात, बुडालेली कमाई कोर्ट भरून देईल ना? नाहीतर महिना क्रेडिट कार्डावर काढू, की विमा पॉलिसीवर कर्ज घेऊ?

ताई, कोर्ट कमाई भरून देत नाही. तुमच्या राज्याच्या कोर्टात पहिले तीन दिवस रोज ५ डॉलर, चौथ्या दिवसापासून ४०. वीस दिवसांचे झाले ६९५. बुडाले ६,०००. खड्डा ५,३०० चा. फेडरल कोर्टात रोज ५० मिळतात, तिथेही हजाराच्या आसपासच. शिवाय हा भत्ता करपात्र आहे, आणि न मिळालेली कमाई रिटर्नमध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाही.

इतक्या कमी भत्त्यात रोजावर जगणारी माणसं ज्युरीवर टिकत नाहीत, आणि निकाल पगारदार नि पेन्शनर मंडळींच्या हाती राहतो. हे मला मनापासून खटकतं. म्हणून समन्स टाळू नका, जा. न्यू जर्सीत नियम एक दिवस किंवा एक खटला असा आहे. निवड झाली नाही तर बहुतेकदा लवकर सुटका होते. कामाचा हंगाम असेल तर आधीच तारीख पुढे मागा. खटला लांबणार असं कळलं तर न्यायाधीशांना कमाईची अडचण खरी खरी सांगा.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय: बचत खात्यात २,००० डॉलर, आणि दोन वर्षांपासून महिना ९०० ची इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी, म्हणजे शेअर निर्देशांकाशी परतावा जोडलेला आयुर्विमा. ओळखीच्या गृहस्थांनी दिली, निवृत्तीनंतर करमुक्त पैसा मिळेल म्हणून. भरले २१,६००. आज मोडली तर हातात ५,०००.

ताई, खड्डा ज्युरीने नाही, या पॉलिसीने पाडलाय. उद्या महिनाभर आजारी पडलात तरी हाच प्रश्न उभा राहील. बचत दोन हजारांची असताना ९०० चा हप्ता कुणी गळ्यात मारावा, याचा मला संताप येतो. सुरुवातीच्या हप्त्यांचा मोठा भाग कमिशन आणि खर्चात जातो. दाखवलेला सहा-सात टक्के परतावा हा अंदाज असतो, हमी नव्हे. निर्देशांक चढला तरी तुमच्या वाट्याला ठरलेल्या मर्यादेपर्यंतच येतं, लाभांश तर नाहीच. वय वाढेल तसा विम्याचा खर्चही वाढतो. आणि ‘करमुक्त पैसा’ म्हणजे पॉलिसीवरचं कर्ज, व्याजासकट. ५,००० च्या शिल्लकेवर आज ते कितीसं मिळणार?

तुम्हाला विमा हवाच, मुलगी लहान आहे. पाच लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म प्लॅन घ्या. तब्येत ठीक असेल, सिगारेट नसेल, तर तो महिना तीस-चाळीस डॉलरमध्ये बसावा. तो हातात येईपर्यंत जुनी पॉलिसी मोडू नका. मग तिचा हप्ता बंद करून उरलेले साडेआठशे सहा महिने बचत खात्यात टाका, ज्युरीचा खड्डा जवळजवळ भरतो. तीन-चार महिन्यांचा खर्च साठला की रॉथ आयआरए, म्हणजे निवृत्तीसाठीचं बचत खातं. त्यात भरलेली मुद्दल गरजेला कर किंवा दंड न भरता काढता येते.

गेलेले सोळा-सतरा हजार परत मिळवायच्या आशेने टर्म प्लॅन आल्यानंतरही हप्ते भरत राहू नका. या आठवड्यात विमा कंपनीकडून, एजंटकडून नव्हे, दोन कागद लेखी मागवा: सरेंडर चार्जचं, म्हणजे पॉलिसी मोडल्यास कापल्या जाणाऱ्या रकमेचं, वर्षवार कोष्टक, आणि आजच्या स्थितीचं नवं इलस्ट्रेशन, म्हणजे पुढे किती जमेल याचा तक्ता. त्यातला फक्त हमीचा रकाना वाचा. तोवर कार्डाला हात लावू नका.