याईराच्या घराच्या वाटेवर

प्रिय,

सप्रेम सलाम.

चमत्कार खरेच घडले का, हे आधी ठरवायचे आणि मगच शुभवर्तमान वाचायचे, असे तू लिहिले आहेस. मी म्हणेन, आधी वाच. मार्कने लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या चरित्राच्या, ३ऱ्या अध्यायात यरुशलेमेहून आलेले शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचे पंडित, येशूने भुते काढली हे नाकारतच नाहीत. भुतांच्या अधिपतीच्या मदतीने काढतो, एवढाच त्यांचा आरोप. डोळ्यांनी पाहिले तरी माणसे विश्वास ठेवतीलच असे नाही, हे मार्कला पक्के ठाऊक होते. पुढे परुशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचे लोक, आकाशातून चिन्ह मागतात, तर येशू साफ नकार देतो. पुरावा म्हणून काही करून दाखवायला तो तयारच नाही. मग ही कृत्ये कशासाठी?

५वा अध्याय घे. याईर सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघराचा, अधिकारी, वजनदार माणूस. त्याची १२ वर्षांची लेक मरणाला टेकलेली, म्हणून तो पाया पडतो आणि येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दीतून एक बाई मागून येते आणि येशूच्या वस्त्राला शिवते. १२ वर्षे रक्तस्राव. होते नव्हते ते वैद्यांवर खर्चलेले, दुखणे उलट वाढलेले. बायबलातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाप्रमाणे ती अशुद्ध, तिला शिवणाराही अशुद्ध. शिवताक्षणी ती बरी होते. गोष्ट इथेच संपली असती. पण येशू थांबतो, माझ्या वस्त्रांना कोण शिवले, म्हणून विचारतो. शेजारी उभ्या याईराचा जीव किती कासावीस झाला असेल! तरी ती थरथर कापत सगळे सांगेपर्यंत येशू हलत नाही. मग सर्वांदेखत तिला "मुली" म्हणतो. शरीर आधीच बरे झाले होते. तिला माणसांत परत घेणे राहिले होते.

तेवढ्यात याईराची लेक गेल्याचा निरोप येतो. अधिकाऱ्याची मुलगी आणि जिचे नावही मार्क देत नाही ती बाई, दोघींचे मोल येशूच्या लेखी सारखे. तो तरीही याईराच्या घरी जातो आणि मेलेल्या मुलीला उठवतो. मुलगी उठून चालू लागते, सगळे थक्क होतात, आणि तिला काही खायला द्या, हे सुचते ते त्यालाच.

एक मात्र जपून. "तुझ्या विश्वासाने तुला बरे केले" हे येशूने त्या बाईला म्हटलेले वाक्य घेऊन कुणा आजाऱ्याच्या उशाशी जाऊ नकोस. तुझाच विश्वास कमी पडला, असे रोग्याला सुनावणारे उपदेशक भेटतील. त्यांचे ऐकू नकोस. याईराची मुलगी तर मेलेलीच होती. ९व्या अध्यायातला बाप माझा अविश्वास घालवा म्हणून ओरडतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो.

आता १ल्या अध्यायातल्या ४० ते ४५ या ओव्या वाच. नियमाने वस्तीबाहेर राहावे लागणाऱ्या कुष्ठरोग्याला येशू हात लावतो. तो बरा होऊन चहूकडे गोष्ट सांगत सुटतो, आणि येशूलाच उघडपणे नगरात जाता येत नाही, बाहेर अरण्यात राहावे लागते. जागांची ही अदलाबदल मार्कने तिथे का ठेवली असेल, ते तुझ्या शब्दांत लिहून पाठव.

तुझा,
काका