मूळ गेमची इमेज (म्हणजे डिस्कची फाइलच्या रूपातली प्रत) एम्युलेटरवर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर चालते, मग सीडीवर बर्न केली की जुनं प्लेस्टेशन ती का घेत नाही?

इमेज चांगली आहे, रायटरही चांगला आहे. बर्निंगचा स्पीड कितीही कमी केलात तरी हेच होणार, कारण सोनीने घातलेलं कुलूप फाइलमध्ये नाहीच, ते डिस्कच्या खोबणीत आहे.

मूळ डिस्क छापताना सुरुवातीच्या भागातली खोबण मुद्दाम किंचित नागमोडी केलेली असते. त्या वळणांत चार अक्षरं दडवलेली असतात: जपानसाठी एससीईआय, अमेरिकेसाठी एससीईए, युरोपसाठी एससीईई. खोबणीमागे जाताना लेझरला जे हेलकावे बसतात, त्यांतून कन्सोल ही अक्षरं वाचतं. म्हणजे नक्कल आणि परदेशी डिस्क, दोन्हींचा एका दगडात बंदोबस्त! कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला मात्र ते हेलकावे म्हणजे नुसती ट्रॅकिंगची चूक वाटते. तो गपचूप सावरून घेतो आणि तुम्हाला फक्त डेटा देतो. कोऱ्या सीडीची खोबण तर कारखान्यातच पडलेली असते, रायटर तिच्यात फेरफार करू शकत नाही. एम्युलेटरपुढे खोबणच नसते, त्यामुळे तो ही परीक्षा घेत नाही. (डिस्कचा काळा रंग निव्वळ दिखाऊ. लेझर त्यातून आरपार जातो.)

आपल्याकडे ‘चिप मारलेली’ प्लेस्टेशन मिळायची, ती चिप हीच अक्षरं कन्सोलला परस्पर ऐकवत राहायची. पुढे काही गेम चिप आहे का तेच तपासायला लागले. २००० साली आलेल्या ‘स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगन’ने तर कहर केला. क्रॅक केलेली प्रत सुरू व्हायची, पण झोई नावाची परी येऊन ही प्रत हॅक केलेली दिसते असं तोंडावर सांगायची, गोळा करायची रत्नं गायब व्हायची आणि शेवटच्या लढाईत सेव्हसुद्धा पुसलं जायचं. चोराला दारात न अडवता घरात घेऊन छळायचं, ही कल्पना मला फार आवडते.

तुमची डिस्क युरोपची असेल, म्हणजे तिच्यावर एसएलईएस किंवा एससीईएस असा क्रमांक असेल, तर आणखी एक भानगड असू शकते. त्यांतल्या बऱ्याच गेममध्ये लिबक्रिप्ट नावाचं दुसरं कुलूप आहे. त्यात डिस्कवरच्या मोजक्या सेक्टरांचा (डेटाच्या तुकड्यांचा) सबचॅनल, म्हणजे डेटासोबतची जोडमाहिती, मुद्दाम बिघडवलेला असतो आणि गेम त्यावरून किल्ली बनवतो. साध्या बिन-क्यू इमेजमध्ये सेक्टरचे २३५२ बाइट येतात, सबचॅनलचे ९६ गळतात, आणि मग एम्युलेटरवरही गेम मध्येच अडकतो. अशा वेळी त्या बिघडवलेल्या सबचॅनलची नोंद असलेली एसबीआय फाइल इमेजच्याच नावाने शेजारी ठेवा, किंवा इमेज सबचॅनलसकट पुन्हा काढा. आयएसओ प्रकारची इमेज मात्र करू नका, त्यात संगीताचे ट्रॅक येतच नाहीत.