टेस्टिंगचा टाइम वाचायचा कसा? आधी इंधन, मग टायर, मग घड्याळ

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फॉर्म्युला वनच्या २०२५ च्या बहरीन टेस्टिंगमध्ये (हंगामाआधीच्या चाचणीत) तिन्ही दिवसांचा सर्वांत वेगवान लॅप (ट्रॅकची एक फेरी) विल्यम्सच्या कार्लोस साइन्झचा होता, मग वर्षभर मॅक्लारेन पुढे कशी राहिली? आणि भुसावळच्या तुमच्या ग्रुपची फॅन्टसी टीम पहिल्या रेसआधी लावायची असेल, तर टेस्टिंगमध्ये नेमकं बघायचं काय?

भाऊ, साइन्झचाच लॅप घेऊ. फेब्रुवारीत त्याने १:२९.३४८ लावला. त्याच ट्रॅकवर एप्रिलमध्ये खरी क्वालिफाइंग (रेसला कोण कुठून निघणार ते ठरवणारं सत्र) झाली, तेव्हा मॅक्लारेनच्या पियास्त्रीची पोल, म्हणजे पहिली जागा, १:२९.८४१ ला आली. टेस्टिंगमधली विल्यम्स पोलपेक्षा जवळजवळ अर्धा सेकंद वेगवान! आणि त्याच क्वालिफाइंगमध्ये साइन्झ स्वतः आठवा होता. गाडी दीड महिन्यात बिघडली नव्हती. बदलली ती हवा. जळगावातली फेब्रुवारीची संध्याकाळ आणि एप्रिलची संध्याकाळ यांत जेवढा फरक, तसाच काहीसा तिथेही. गार हवा दाट असते, डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा जोर) जास्त मिळतो, आणि मागचे टायर लॅप संपेपर्यंत तापून जात नाहीत. म्हणून टेस्टिंगचा टाइम रेस वीकेंडच्या टाइमशेजारी कधीच ठेवू नका. त्याच दिवशी, त्याच तासात दुसऱ्या गाडीने काय लावलं, तेवढ्याशीच तुलना करा.

टाइमपेक्षा मोठा प्रश्न इंधनाचा. सावद्याहून केळी भरून निघालेला ट्रक आणि तोच ट्रक रिकामा, दोघांचा कन्नड घाट चढायचा वेळ सारखा येईल का? इथेही तेच. ढोबळ हिशोब असा की १० किलो इंधनाला लॅपमागे ०.३ सेकंद. २०२५ पर्यंत रेसला जास्तीत जास्त ११० किलो इंधन वापरता येत होतं. म्हणजे पूर्ण भरलेली आणि जवळजवळ रिकामी गाडी यांत ३ सेकंदांचा फरक फक्त वजनाचा. कुणाच्या टाकीत किती आहे हे कोणताच संघ सांगत नाही. एकाने २० किलो जास्त ठेवले तर ०.६ सेकंद गेले, आणि तेवढ्या फरकात मधल्या फळीतले पाच-सहा संघ सहज मावतात. एका लॅपच्या यादीवरून क्रम लावणं चुकतं ते इथेच.

पण इंधनाचा अंदाज बाहेरून बांधता येतो, आणि टेस्टिंगमधला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे. बहरीनची रेस ५७ लॅपची. ११० भागिले ५७ केलं तर लॅपमागे फार तर १.९ किलो, प्रत्यक्षात १.८ धरा. गाडी सलग १२ लॅप फिरली, तर निघताना टाकीत किमान २१-२२ किलो होते हे नक्की. वरचे किती, ते कळत नाही. मात्र एखादा संघ पूर्ण रेस सिम्युलेशन (रेसची तालीम) करतो, तेव्हा लपवायला जागा उरत नाही. ते असं ओळखा: तीन स्टिंट (सलग धावा), मध्ये टायर बदलायचे दोन पिट स्टॉप, एकूण सुमारे ५७ लॅप, आणि दर वेळी गाडी पिटमध्ये काही सेकंद थांबून लगेच बाहेर. गाडी गॅरेजमध्ये ढकलली गेली आणि पाच मिनिटांनी निघाली, तर इंधन भरलं असण्याची शक्यता आहे. पुढचा स्टिंट आधीच्याला जोडू नका. गॅरेजमध्ये न जाता ५७ लॅप झाले, तर सुरुवातीला टाकीत १०० किलोच्या आसपास होतेच. असे रन एकमेकांशी बिनधास्त ताडून बघा.

आता आकडे वाचायचे कसे, ते एका काल्पनिक उदाहरणात बघू. दोन संघ, दोघांचं रेस सिम्युलेशन, पहिला स्टिंट १२ लॅपचा, टायर एकच.

‘अ’ची सुरुवात १:३६.४, बाराव्या लॅपला १:३७.३. ‘ब’ची सुरुवात १:३६.९, बाराव्या लॅपला १:३७.१.

सरासरी काढली तर ‘अ’ पुढे दिसतो. पण ‘अ’ लॅपमागे ०.०८ सेकंदाने मंदावतोय, ‘ब’ जेमतेम ०.०२ ने. आणि हे दोन्ही आकडे वरवरचे आहेत, कारण दर लॅपला १.८ किलो जळतात आणि गाडी ०.०५ सेकंदाने हलकी होऊन वेगवान व्हायला हवी. ती वेगवान न होता मंदावते, म्हणजे टायरची खरी झीज ‘अ’ला लॅपमागे ०.१३, ‘ब’ला ०.०७. ‘अ’ टायर जवळपास दुप्पट खातोय. आठव्या-नवव्या लॅपला दोघांच्या रेषा एकमेकींना छेदतात, आणि हाच स्टिंट २० लॅपपर्यंत ओढला तर ‘ब’ एकूण सुमारे २ सेकंद पुढे निघतो. बहरीनचं डांबर खडबडीत, मागच्या टायरला घासून काढणारं. तिथे रेस ‘ब’ जिंकतो. सरासरीची यादी पाहून तुम्ही ‘अ’ला निवडलं असतं.

हे करताना तीन लॅप काढून टाका: पिटमधून निघतानाचा, पिटमध्ये येतानाचा, आणि एकदम सेकंद-दोन सेकंदांनी मोठा झालेला, कारण तिथे बहुधा पुढे मंद गाडी होती.

२०२४ मध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी यादीत फेरारीच वर होती. पहिल्या दिवशी मात्र रेड बुलचा व्हरस्टॅपन दुसऱ्या क्रमांकापेक्षा सेकंदाहून जास्त पुढे होता, आणि नंतर रेड बुलने वेगवान लॅप लावायची घाईच केली नाही. पहिल्या रेसमध्ये तो २२ सेकंदांनी जिंकला. ज्याला आपल्या गाडीची खात्री आहे तो संघ शेवटच्या दिवशी टाइम लावत बसत नाही, हे माझं ठाम मत आहे.

टायरबद्दल फार ताणत नाही. सी-१ सर्वांत कडक, आकडा वाढेल तसा मऊ. लगतच्या दोन टायरांत साधारण अर्धा सेकंद धरा, पण बहरीनमध्ये सर्वांत मऊ टायर लॅपच्या शेवटच्या वळणांवर तापून पडतो आणि पूर्ण फायदा देत नाही. म्हणून सी-५ वरचा टाइम सी-३ मध्ये बदलताना पूर्ण एक सेकंद जोडू नका.

इंजिन किती खुलं आहे हे सेक्टर (ट्रॅकचे भाग) बघून कळतं. बहरीनच्या पहिल्या सेक्टरमध्ये सरळ रस्ते आहेत, दुसऱ्यात वळणं. एखादी गाडी दुसऱ्या सेक्टरमध्ये सर्वांत वेगवान आणि सरळ रस्त्यावर ताशी १० किमीने मागे असेल, तर इंजिन दाबून ठेवलंय असं समजा. खात्री करायला त्याच इंजिनच्या दुसऱ्या संघाचा टॉप स्पीड बघा; २०२५ मध्ये मर्सिडीजचं इंजिन चार संघांत होतं, त्यामुळे हे सोपं होतं. २०२६ पासून काम अवघड झालंय. विजेची ताकद १२० वरून ३५० किलोवॉटवर गेली, त्यामुळे सरळ रस्त्याच्या शेवटी वेग पडला तर ते इंजिन दाबल्यामुळे की बॅटरी संपल्यामुळे, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. एक लॅप मंद, पुढचा वेगवान, असा क्रम दिसला तर मंद लॅपमध्ये बॅटरी भरली जातेय. ते लॅप हिशोबातून वगळा.

डोळ्यांनी बघायची जागा म्हणजे दहावं वळण. तिथे उतारावर, गाडी डावीकडे वळत असतानाच ब्रेक लावावा लागतो आणि आतलं पुढचं चाक हवेत हलकं होतं. चाक लॉक होऊन धूर निघणं एकदा-दोनदा चालतं. पण ऑनबोर्डमध्ये (गाडीवरच्या कॅमेऱ्यात) ड्रायव्हर दर लॅपला तिथे स्टिअरिंग दुरुस्त करतोय, आणि सेटअप बदलून आल्यावरही तेच, तर त्या गाडीचा तोल मुळात बिघडलेला आहे. ही गोष्ट कोणताच संघ लपवू शकत नाही.

लॅपची संख्या जरूर बघा, पण तिच्यावरून कुणाला बाद करू नका. २०१४ मध्ये हेरेथला रेड बुलचे चार दिवसांत मिळून २१ लॅप झाले होते. त्याच वर्षी त्यांच्या रिकार्डोने तीन रेस जिंकल्या आणि संघ दुसरा आला. उलट बाजूही आहे. २००१ मध्ये प्रॉस्ट संघ टेस्टिंगमध्ये चमकला आणि सबंध हंगामात ४ गुण मिळाले. प्रायोजकांना दाखवायला हलकी गाडी पळवण्याचं उदाहरण म्हणून त्याचं नाव अजून घेतात. २००९ मध्ये ब्रॉन संघाबद्दलही तोच संशय घेतला गेला, पण त्यांचा वेग दिवसामागून दिवस टिकला, आणि त्यांच्या बटनने पहिल्या सातपैकी सहा रेस जिंकल्या. एकच झगमगता लॅप आणि रोज टिकणारा वेग, निवाडा यावर करा.

आपल्याकडे बघायची वेळ: बहरीनची सकाळची सत्रं दुपारी १२:३० ला सुरू होतात, संध्याकाळची ५:३० ला. दुपारचं सत्र उन्हातलं असतं, ते सोडलं तरी चालेल. रात्री ८:३० ते ९:३० हा तास धरा. रेस आणि क्वालिफाइंग याच सुमारास होतात, त्यामुळे ट्रॅकचं तापमान खऱ्याच्या जवळ असतं. वही घ्या, चार संघ निवडा, प्रत्येकाचे लाँग रनचे (सलग बऱ्याच लॅपच्या धावेचे) लॅप लिहून वरचा हिशोब करा. आणि पहिली रेस मेलबर्नला असेल तर टीम लगेच बंद करू नका. शुक्रवारच्या दुसऱ्या सरावातले लाँग रन बघून एक बदल हाताशी ठेवा, कारण तिथे जलद वळणं आहेत आणि बहरीनमध्ये मागचे टायर सांभाळणारी गाडी तिथे पुढचे टायर खाऊ शकते.