रेतीवर तंबू ठोकण्याआधी

बेटा,

तू पाठवलेला नकाशा पाहिला. वैनगंगेच्या पात्रात, आरमोरीच्या खालच्या अंगाला, लाल खूण केलीस आणि बाजूला लिहिलंस, ‘इथं कोणीच नाही.’ उपग्रहाच्या फोटोत तो पांढरा पट्टा देखणा दिसतो खरा. पण दिवाळी उलटली की त्याच रेतीत ढिवरांच्या, म्हणजे नदीवर मासेमारी करणाऱ्या लोकांच्या, डांगरवाड्या लागतात. टरबूज, डांगर, काकडी. रेतीत झिरा खणायचा, त्यातलं पाणी घड्याने वेलाला घालायचं, भोवती तुऱ्हाट्यांचं कुंपण करायचं. कोणाची वाडी कुठून कुठपर्यंत, हे सातबारावर नसेल, पण गावात लहान पोरालाही ठाऊक असतं. तेव्हा तुझ्या यादीत तंबू, टॉर्च, गॅसची शेगडी आहे, त्याच्याही वर एक ओळ लिही: आधी गावात जाऊन विचारायचं.

विचारायचं म्हणजे परवानगीचा कागद मागायचा असं नाही. पारावर बसायचं, चहा घ्यायचा, कुठून आलो, किती रात्री राहणार ते सांगायचं. गडचिरोली जिल्ह्यात तर याला कायद्याचाही आधार आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे कितीतरी गावांना मिळाला. म्हणजे तुला जे ‘मोकळं जंगल’ वाटतं, त्यावर एखाद्या ग्रामसभेचा हक्क असू शकतो. जवळच्या पोलीस ठाण्यातही नाव-गाव सांगून ठेव. तो ड्रोन मात्र घरीच राहू दे. या जिल्ह्यात आकाशात काही भिरभिरलं की लोक आधी वेगळंच समजतात.

आता पाण्याचं सांगतो, कारण तुझ्या पत्रात त्याबद्दल फक्त ‘पावसाळ्यात जाणार नाही’ एवढंच आहे. तेवढ्यानं भागत नाही.

माझी नोकरीची पहिलीच दिवाळी जवळ आली होती. दसरा होऊन गेला होता, आकाश स्वच्छ, चांदणं असं की रेतीवर स्वतःची सावली दिसावी. मी आणि दोन सोबती पात्रातल्या उंचवट्यावर पथारी टाकून बसलो होतो. एक म्हातारा ढिवर डोंगा लावून वर चालला होता. थांबला, म्हणाला, “गुरुजी, अठी नोका झोपू. पानी चढून रायलं.” म्हणजे इथं झोपू नका, पाणी चढतंय. मी वर पाहिलं, ढगाचा टिपूस नाही. हसलो. तो काही बोलला नाही. जाळ्याची एक काडी घेतली, पाण्याच्या अगदी काठाला रेतीत खोचली आणि निघून गेला. आम्ही जेवलो, गप्पा मारल्या. तासाभरानं मी काडी शोधायला गेलो, तर ती काठापासून हातभर आत, पाण्यात उभी. जवळून वाकून पाहिलं तेव्हा दिसलं, काडीभोवती फेस आणि सागाचा चुरगळलेला पाला गोल फिरत होता. दिवसा हे पाणी नितळ होतं.

आम्ही गाठोडी उचलली आणि थडीवर, म्हणजे उंच काठावर, चढलो. सकाळी तो उंचवटा नव्हताच. चुलीचे तीन दगड गेले, माझी एक चप्पल गेली. नंतर कळलं, दोन दिवसांपूर्वी वर बालाघाटकडे जोराचा पाऊस झाला होता.

वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून निघते, आपल्याकडे येईपर्यंत तिनं बराच मुलूख पाहिलेला असतो. तिच्या पाण्याचा आणि तुझ्या डोक्यावरच्या आभाळाचा संबंध असेलच असं नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, तिकडच्या संजय सरोवराचं पाणी सुटलं आणि भंडाऱ्यापासून खाली ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंतची नदीकाठची गावं पाण्यात गेली. मध्ये गोसेखुर्दचं धरणही आहे, तेहतीस दारांचं. दारं उघडणार असली की काठच्या गावांना सूचना येते, दवंडी होते. तू पात्रात, मोबाईलला रेंज नाही, तर ती दवंडी तुझ्यापर्यंत कशी येणार? म्हणूनही गाव माहीत असलं पाहिजे आणि गावाला तू माहीत असला पाहिजेस.

तेव्हा मुक्काम थडीवर, पात्रात नाही. काठच्या झुडपांकडे बघ. फांद्यांत वाळलेला पाला, चिंध्या, प्लास्टिक अडकलेलं दिसेल. गेल्या पुराची ती रेघ. तंबू त्या रेघेच्या वर. पौष-माघात एखाद्या वाडीवाल्यानं स्वतःच्या झोपडीजवळ ‘अठीच झोप’ म्हटलं, तर खुशाल झोप, तो नदीवर लक्ष ठेवून असतो. फक्त रेतीत खुंट्या धरत नाहीत. पिशव्यांत रेती भरायची, दोरी पिशवीच्या गळ्याला बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरायची. वाऱ्यानं तंबू उडाला तर मग माझं नाव सांग.

रेतीघाटापासून, म्हणजे रेती उपसतात त्या जागेपासून, लांब राहा. रात्री ट्रॅक्टर-टिप्पर पात्रात उतरतात, काही तर दिवे न लावता, आणि अंधारात तंबू कोणाला दिसत नाही. उपसा केलेल्या जागी वरून गुडघाभर वाटणारं पाणी दोन पावलांवर डोक्यावर जातं. आंघोळ गावातल्या बायका कपडे धुतात त्या घाटावर कर. अर्थात त्या गेल्यावर.

विस्तव पाण्यानं विझव. रेती टाकून तो विझत नाही, आत तसाच राहतो. माझ्या उजव्या टाचेवर डाग आहे, भेटशील तेव्हा दाखवीन. तंबूची चेन दिवसाही बंद ठेव. मण्यार रात्री अंथरुणात शिरतो आणि चावला तरी पुष्कळदा दुखत नाही. संशय आला की मांत्रिक नको, थेट ग्रामीण रुग्णालय. मच्छरदाणी हवीच, हा मलेरियाचा मुलूख आहे.

वाघ ताडोब्यातच राहतो अशी तुम्हा शहरातल्या लोकांची समजूत. ब्रह्मपुरी, वडसा भागात तो शेताच्या धुऱ्यावर, बांधावरही फिरतो. मोहफुलं वेचायला पहाटे गेलेल्या माणसांवरचे हल्ले काही नवे नाहीत. जिथं नाला नदीला मिळतो, तिथं जनावरं पाण्यावर उतरतात. ती जागा कितीही सुरेख असली तरी सोडून दे. अभयारण्यात, राखीव जंगलात परवानगीशिवाय रात्र काढायची नाही, हे सांगायला नकोच. आणि दिवाळी ते शिवरात्र, एवढाच आपला हंगाम. पुढचं ऊन तुला सोसणार नाही, मलाही नाही.

आता दिवसा काय बघशील? तुझ्या यादीत एका दिवसात सहा ठिकाणं आहेत. चार खोडून टाक.

वैरागड ठेव. खोब्रागडी आणि सातनाल्याच्या काठचं गाव, पडका किल्ला, आणि कधीकाळी हिऱ्यांच्या खाणी. अकबराच्या दरबारातल्या नोंदींतही इथल्या हिऱ्यांचा उल्लेख आहे. आज हिरे शोधू नकोस, बुरुजावर बसून धानाच्या बांध्या बघ. आणि मार्कंडा ठेव, चामोर्शीजवळ. तिथं वैनगंगा वळून उत्तरेकडे वाहते, म्हणून लोक ती जागा पवित्र मानतात. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात ही देवळं बघून गेला. मुख्य देवळाचं शिखर वीज पडून ढासळलं होतं. भिंतीवरच्या मूर्ती सकाळच्या तिरप्या उन्हात बघ, दुपारी त्या सपाट दिसतात. महाशिवरात्रीला जत्रा भरते. तेव्हा गेलास तर एकांत विसर.

येताना वेळ उरला तर पवनीत उतर. जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला.

पण मला विचारशील तर सगळ्यात मोठं आकर्षण रात्रीचं आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच. कुठं दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री हमखास झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या या पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचं, नाटक. वडसा हे या नाटक मंडळ्यांचं माहेरघर. पडदा जेवणंखाणं आटोपल्यावर उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. मध्येच गाणी, मध्येच विनोद, समोर शेकडो माणसं घोंगड्या पांघरून. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तिकीट काढून बस, पोरांमध्ये खाली बस, खुर्ची शोधू नकोस. एक रात्र तंबूत कमी झोपलास तरी चालेल.

स्वयंपाकाचं सामान शहरातून ओढून आणू नकोस. पाकिटातले नूडल्स तर अजिबात नको. तांदूळ इथलेच घे. थंडीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा मिळतात, मूठभर मीठ टाकून उकड. ढिवराकडून मासळी घेतलीस तर भाव करू नकोस, तो रात्रभर पाण्यात होता. एखाद्या दिवशी रोडगे कर, गोवऱ्यांच्या आरात भाजून, सोबत वांग्याची भाजी. जमलं नाही तर वाडीवर विचार, कोणी मामाजी हसत हसत शिकवतील, आणि बहुधा स्वतःच करून वाढतील.

वडशाला गाडीतून उतरलास की फोन कर. मोठी कढई आणि दोन घोंगड्या माझ्याकडे आहेत, त्या आणू नकोस. आणि ज्या म्हाताऱ्यानं काडी खोचली होती, त्याचा नातू आता त्याच काठावर वाडी लावतो. तुझा नकाशा मी त्याला दाखवला. त्यानं लाल खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “हे त आमची काकडी लावाची जागा हाय, काकाजी.”

तुझा,
गुरुजी